स्कूबाचा रेग्युलेटर कोणता घ्यावा? कृष्णेच्या गढूळ पाण्यासाठी आणि मालवणच्या समुद्रासाठी

प्रश्न असा आला आहे: "मी सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या गावातला. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स पूर्ण केला आहे. वर्षातून दोनतीनदा मालवणला डायव्हिंगला जाणं होईल. शिवाय गावच्या बचाव पथकात आहे. बुडालेल्या माणसाचा शोध घेणं, जॅकवेलच्या (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीच्या) जाळीतला कचरा काढणं अशी कामं अधूनमधून येतात. भाड्याच्या रेग्युलेटरवर मन भरत नाही, स्वतःचा घ्यायचा आहे. पिस्टन घेऊ की डायफ्रॅम? योक की डिन? महागातला की साधा? ओळखीत एक आठ वर्षांपूर्वीचा सेट स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का?"

दादा, आधी निकाल सांगतो, कारणं आणि ह्या शब्दांचे अर्थ मागाहून. फर्स्ट स्टेज बॅलन्स्ड आणि सील्ड डायफ्रॅमची घ्या. जोड डिनचा घ्या आणि पिशवीत योकचा अ‍ॅडॅप्टर ठेवा. तोंडातली सेकंड स्टेज साधी असली तरी चालेल. पण ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट विचारून घ्या: ह्या रेग्युलेटरची सर्व्हिसिंग कोण करणार आणि सुटे भाग किती दिवसांत हातात पडणार? ज्या ब्रँडबद्दल ह्या दोन प्रश्नांचं ठोस उत्तर मिळत नाही, तो कितीही नावाजलेला असला तरी आपल्या उपयोगाचा नाही. मी साताऱ्यात राहतो, धरणांत आणि विहिरींत पाण्याखालची कामं करतो, आणि सामान निवडताना दर वेळी ह्याच प्रश्नापाशी येऊन थांबतो.

रेग्युलेटर नेमकं काय करतो हे एकदा नीट कळलं की जाहिरातींतले निम्मे शब्द आपोआप गळून पडतात. टाकीत हवा साधारण २०० बार दाबाने भरलेली असते. घरच्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर आतला दाब शेगडीला झेपेल इतका खाली आणतो, तेच काम इथे दोन टप्प्यांत होतं. टाकीच्या व्हॉल्व्हवर बसते ती फर्स्ट स्टेज. ती दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त, इतक्यावर आणते. ह्याला इंटरमीजिएट प्रेशर म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, जुना सेट तपासताना लागणार आहे. तिथून होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, हवा तोंडातल्या सेकंड स्टेजला येते. तिथे एक रबरी पडदा असतो आणि त्याला टेकलेली लिव्हर. श्वास ओढला की पडदा आत ओढला जातो, लिव्हर दबते, व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा येते. ओढणं थांबलं की व्हॉल्व्ह बंद.

शेगडीला कायम एकच दाब लागतो, आपल्याला मात्र खोलीप्रमाणे बदलता दाब लागतो. दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण १ बारने वाढतो. २० मीटरवर वरच्या हवेसकट ३ बार झाले, म्हणजे प्रत्येक श्वासात पृष्ठभागाच्या तिप्पट हवा टाकीतून जाते. एमिल गान्याँ आणि जाक-इव्ह कुस्तो यांनी १९४३ साली फ्रान्समध्ये अ‍ॅक्वालंग तयार केलं, त्याचं मूळ गान्याँच्या मोटारीच्या व्हॉल्व्हमध्ये होतं. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून गाड्या गॅसवर चालवायला त्याने तो बनवला होता. इतक्या वर्षांत धातू बदलले, रबर सुधारलं, श्वास हलका झाला, पण मागाल तितकीच आणि खोलीच्या दाबाने हवा देण्याचं तत्त्व तेच आहे.

आजच्या बहुतेक सगळ्या रेग्युलेटरांची रचना अशी असते की आत काही बिघडलं तर हवा बंद पडत नाही, उलट सुसाट वाहायला लागते. त्याला फ्री-फ्लो म्हणतात. वाहत्या रेग्युलेटरमधून ओठाच्या कडेने श्वास घेत वर यायचं कोर्समध्ये शिकवलं असेलच. ते विसरू नका, दर मोसमात एकदा उथळ पाण्यात सराव करा.

आता पिस्टन की डायफ्रॅम. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या पाण्यासाठी सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये धातूचा एक पोकळ दट्ट्या आणि एक स्प्रिंग असते. बाहेरच्या पाण्याचा दाब कळावा म्हणून बॉडीला भोकं ठेवलेली असतात, आणि त्यांतून पाणी थेट स्प्रिंगपर्यंत आणि दट्ट्याच्या ओ-रिंगपर्यंत, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी कडीपर्यंत, जातं. स्वच्छ समुद्रात हे उत्तम चालतं. भाग कमी, बिघाड कमी, हवेचा पुरवठा जोरदार. स्कूबाप्रोचा एमके २५ बॅलन्स्ड पिस्टनचा आहे आणि जगभर लोक तो आवडीने वापरतात. त्याच कंपनीचा एमके २ अनबॅलन्स्ड पिस्टनचा आहे. अगदी साधा, आणि साधेपणामुळेच टिकाऊ. शिकवण्याच्या आणि भाड्याच्या सेटमध्ये ह्या जातीचे रेग्युलेटर पुष्कळ दिसतात, आणि त्यात गैर काही नाही.

पण कृष्णेचं पाणी डोळ्यासमोर आणा. पावसाळा सरल्यावरही कितीतरी आठवडे ते चहाच्या रंगाचं असतं. आपल्या काळ्या मातीचा गाळ इतका बारीक की बोटांत धरला तर साबणासारखा लागतो. डायव्हर तळाला टेकला की तो ढगासारखा उठतो. तो पिस्टनच्या भोकांतून आत जातो, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बसतो, सुकला की सिमेंटसारखा धरतो. ओ-रिंगखाली त्याचे कण घासायला लागले की आज ना उद्या इंटरमीजिएट प्रेशर सरकायला लागतं. नुसत्या बादलीत बुचकळून हा गाळ निघत नाही, फर्स्ट स्टेज खोलावी लागते.

डायफ्रॅमच्या रचनेत हवेचा भाग आणि पाण्याचा भाग यांच्यामध्ये जाड रबरी पडदा असतो. पाणी मुख्य स्प्रिंगपर्यंत येतं, पण आतल्या व्हॉल्व्हपर्यंत नाही. सील्ड डायफ्रॅममध्ये ह्याच्याही बाहेर आणखी एक पडदा लावून स्प्रिंगची खोलीच बंद केलेली असते. गाळाला आत जायला वाटच नाही. एपेक्सच्या डीएस४ सारख्या फर्स्ट स्टेज आणि स्कूबाप्रोचा एमके १७ ह्या जातीत मोडतात, दुसऱ्या कंपन्यांकडेही अशी मॉडेलं आहेत. कॅटलॉगमध्ये ही सोय थंड पाण्यासाठी म्हणून लिहिलेली सापडेल, कारण युरोपात ती बर्फाळ पाणी स्प्रिंगपाशी गोठू नये म्हणून घेतात. आपल्याकडे पाणी गोठण्याचा प्रश्नच नाही. दुकानदार म्हणेल, "भारतात कशाला हे कोल्ड वॉटरचं मॉडेल?" त्याला सांगा, थंडीसाठी नकोय, गाळासाठी हवंय.

बॅलन्स्ड म्हणजे टाकी भरलेली असो वा संपत आलेली, श्वास सारखाच हलका राहतो. अनबॅलन्स्डमध्ये टाकीचा दाब उतरत जाईल तसा इंटरमीजिएट प्रेशरही थोडा बदलतो आणि श्वास जड लागायला लागतो. मालवणच्या ८-१० मीटरवर मासे बघताना तो फरक जाणवणारही नाही. पण टाकीत ५० बार उरले आहेत, तुम्ही दमला आहात आणि जोडीदारही तुमच्याच टाकीवर श्वास घेतोय, तेव्हा तो चांगलाच जाणवतो. नेमक्या त्याच क्षणी रेग्युलेटर खंबीर हवा. म्हणून बॅलन्स्डला दिलेला जास्तीचा पैसा मला योग्य वाटतो.

युरोपचं ईएन २५० हे मानक बघायला विसरू नका, ते सहसा फर्स्ट स्टेजवर किंवा सेकंड स्टेजवर कोरलेलं असतं. त्यात ५० मीटरच्या दाबाखाली मिनिटाला ६२.५ लिटर इतक्या जोरकस श्वासावर रेग्युलेटर तपासतात, आणि एक लिटर हवा ओढायला लागणारं काम ३ जूलच्या आत यावं लागतं. मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीपासून ईएन २५० पुढे ए हे अक्षर आलं. ते असेल तर त्याच फर्स्ट स्टेजवर ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठीची दुसरी सेकंड स्टेज, लावून दोघांनी श्वास घेण्याची चाचणीही झालेली असते. पुढे १० अंशांपेक्षा जास्त अशी खूण असेल तर तो गरम पाण्यापुरता मान्य आहे, आणि आपल्याला तेवढं पुरतं. काहीच मानक कोरलेलं नाही, असा ऑनलाइन मिळणारा निनावी सेट मात्र कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. त्याचं सर्व्हिस किट, म्हणजे बदलायच्या भागांचा संच, मिळत नाही आणि आतल्या रबराची हमी कुणी देत नाही.

सेकंड स्टेजवर मी फार वेळ घालवणार नाही. श्वास हलका-जड करायची घुंडी असली तर बरी, नसली तरी अडत नाही. प्री-डाइव्ह आणि डाइव्ह असे दोन टप्पे असलेली छोटी लिव्हर मात्र हवी. नदीच्या ओढीत तोंड प्रवाहाकडे केलं की पाण्याचा धक्का समोरच्या बटणावर आणि पडद्यावर बसतो आणि हवा आपोआप वाहायला लागते. लिव्हर प्री-डाइव्हला ठेवली की हे पुष्कळ आटोक्यात येतं. काही मॉडेलांचं समोरचं झाकण हाताने फिरवून उघडता येतं. गाळात काम करणाऱ्याला ही मोठी सोय आहे, कारण वाळूचा एक कण किंवा शेवाळाचा धागा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हखाली अडकला तरी श्वासाबरोबर पाणी तोंडात येतं. माउथपीस आपल्या जबड्याला बसतो का ते बघा. तो दोन मिनिटांत बदलता येतो, त्यासाठी मॉडेल बदलू नका.

योक आणि डिन. योकमध्ये कडी टाकीच्या व्हॉल्व्हभोवती अडकवून मागून स्क्रू आवळतात. डिनमध्ये फर्स्ट स्टेजच व्हॉल्व्हमध्ये आटे फिरवून बसते आणि ओ-रिंग आत बंदिस्त राहते. योकची मर्यादा २३२ बार, डिन ३०० बारपर्यंत मिळतो. डिनचा जोड आपटला तरी सहसा गळत नाही, म्हणून पुलाच्या खांबापाशी, जाळीपाशी, झाडाच्या फांद्यांत काम करणाऱ्याने डिनच घ्यावा. पर्यटकांच्या बोटीवरच्या टाक्या पुष्कळदा योकच्या असतात, म्हणून अ‍ॅडॅप्टर. अ‍ॅडॅप्टर लावला की फर्स्ट स्टेज थोडी पुढे येते आणि डोकं मागे केल्यावर टेकते, टाकी एक पट्टी खाली बांधली की झालं. पथकाच्या टाक्या आधीच घेतलेल्या असतील तर त्यांचे व्हॉल्व्ह कोणते आहेत ते आज बघून ठेवा. डिन रेग्युलेटर अ‍ॅडॅप्टर लावून योकच्या व्हॉल्व्हवर चालतो, पण योकचा रेग्युलेटर नुसत्या डिनच्या व्हॉल्व्हवर बसत नाही.

ऑक्टोपस त्याच ब्रँडची आणि पिवळ्या होजची घ्या. ती छातीवर, सहज दिसेल अशी अडकवा, चिखलात लोंबकळू देऊ नका. प्रेशर गेज पितळी, काचेचा, साधा घ्या. ट्रान्समीटरवर चालणारे गेज छान असतात, पण बॅटरीवर जीव टाकण्याइतके नाहीत.

गेजच्या बाबतीत आपल्या नदीचा एक वेगळाच प्रश्न आहे. पाणी इतकं गढूळ असतं की काच मास्कला टेकवली, वर टॉर्च मारला, तरी काटा दिसत नाही. अशा वेळी हवा आकड्यांनी मोजून उतरावं लागतं. १२ लिटरची टाकी २०० बारला भरली की २४०० लिटर हवा झाली. तळाशी ५० बार, म्हणजे ६०० लिटर, राखीव. उरले १८००. शांत पोहणारा माणूस मिनिटाला वीसेक लिटर घेतो, पण ओढीत दोरी धरून शोध घेणारा सहज ४० लिटरवर जातो. ६ मीटरवर दाब १.६ बार, म्हणजे मिनिटाला ६४ लिटर. १८०० भागिले ६४, साधारण २८ मिनिटं. आम्ही ह्यातही कमीच धरतो. वर दोरी धरून बसलेला माणूस घड्याळ बघतो, ठरलेल्या मिनिटाला दोरी ओढतो आणि खालचा वर येतो. ज्याच्या हातात दोरी आहे त्याने हातात मोबाइलसुद्धा धरायचा नाही.

गेजबरोबर खोली आणि वेळेचा हिशोब ठेवणारा डाइव्ह कॉम्प्युटर घेणार असाल तर तो उंचीप्रमाणे हिशोब बदलणारा घ्या. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वरचं डायव्हिंग हे उंचीवरचं डायव्हिंग धरतात. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी ही धरणं साडेसहाशे ते साडेसातशे मीटरच्या पट्ट्यात येतात आणि सांगलीतली कृष्णासुद्धा पाचशेच्या वर आहे. रेग्युलेटरला ह्याने काही फरक पडत नाही, तो भोवतालचा दाब स्वतःच ओळखतो. पण किती खोलीवर किती वेळ राहायचं याचे समुद्रासाठी केलेले तक्ते जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. उलटी गोष्टही लक्षात असू द्या: मालवणला दुपारपर्यंत डायव्हिंग करून संध्याकाळी फोंडा किंवा आंबोली घाट चढणं बरं नाही, वर हवेचा दाब कमी असतो. विमान प्रवासासाठी एका डाइव्हनंतर १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात, आणि तो नियम २००० फुटांपासूनच्या उंचीला धरून केलेला आहे. आपले घाटमाथे साधारण तेवढेच किंवा त्याहून उंच आहेत. रात्री मालवणलाच मुक्काम करा, सकाळी निघा.

आता हवेबद्दल. रेग्युलेटर कितीही भारी घेतला तरी तो टाकीत असेल तीच हवा देणार. खेड्यापाड्यांत टाकी भरून घ्यायची अडचण असते, म्हणून लोक नको ते मार्ग शोधतात. वेल्डिंगच्या किंवा दवाखान्याच्या ऑक्सिजन सिलिंडरवर पाण्यात उतरायचा विचारही करू नका. शुद्ध ऑक्सिजनचा दाब ६ मीटरवरच १.६ बार होतो आणि त्याच्यापुढे पाण्याखालीच आकडी येऊ शकते. तोंडातला रेग्युलेटर सुटला की माणूस बुडतो. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवाही श्वासाला चालत नाही, त्यात तेलाची वाफ असते, शेजारी इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड असतो. श्वासाच्या हवेच्या ईएन १२०२१ ह्या मानकात कार्बन मोनॉक्साइडला ५ पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत ५ भाग) मुभा आहे. खोलीबरोबर प्रत्येक वायूचा दाब वाढतो, म्हणून वर सहन होणारी घाण खाली विष ठरते. टाकी पेसोची मान्यता असलेली घ्या, देशातल्या दाबाच्या सिलिंडरांचं नियमन तीच संस्था करते. आणि टाकी ब्रीदिंग एअर कॉम्प्रेसरवरच भरा. अग्निशमन दलाच्या श्वसन संचाची गोष्ट वेगळी, ते धुरासाठी केलेले असतात. तो मास्क लावून पाण्यात उतरू नका.

तुम्ही बचाव पथकात आहात, म्हणून एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. पुराच्या वाहत्या पाण्यात स्कूबाचं काम नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्याच पुरात ब्रह्मनाळची बोट उलटली, ते दुःख अजून सगळ्या नदीकाठाच्या मनात आहे. अशा पाण्यात माणसं वाचतात ती लाइफ जॅकेटमुळे, मजबूत बोटीमुळे, फेकायच्या दोरीमुळे आणि वेळेत गाव सोडल्यामुळे. टाकी पाठीवर बांधून त्या प्रवाहात उतरणारा माणूस दुसऱ्याला वाचवू शकत नाही. त्याचा रेग्युलेटर एखाद्या तारेत अडकला की त्यालाच वाचवायला माणसं लागतात. पथकाकडे पैसे मोजकेच असतील तर आधी सगळ्यांना अंगाला नीट बसणारी लाइफ जॅकेटं, मग रेग्युलेटर.

जॅकवेलबद्दलही तेच. आपल्याकडे नदीकाठाला उपसा सिंचनाच्या किती जॅकवेल आहेत ते तुम्हाला सांगायला नको. पंप चालू असताना जाळीपाशी जी ओढ असते ती वरून दिसत नाही. हात किंवा टाकी एकदा त्या ओढीत सापडली की माणसाच्या ताकदीने सुटत नाही, हवा संपेपर्यंत तो तिथेच खिळून राहतो. म्हणून पंप बंद, स्टार्टरचा फ्यूज काढलेला, पॅनेलला कुलूप आणि किल्ली पाण्यात उतरणाऱ्याच्या दोरीवाल्या माणसाकडे. "अहो, बंदच आहे, उतरा" एवढ्यावर उतरायचं नाही. लाइट गेली असेल तर अजूनच नाही. ती परत येते तेव्हा ऑटो-स्विचवरची मोटर कुणाला न विचारता सुरू होते.

पाणी घाण असेल, वरच्या अंगाला कारखान्याची मळी सुटली असेल किंवा पुरानंतर मेलेली जनावरं वाहून आली असतील, तर तोंडात धरायचा कोणताच रेग्युलेटर पुरेसा नाही. श्वास सोडताना व्हॉल्व्हच्या कडेने पाण्याचे बारीक थेंब आत येतातच, आणि ओठ तर उघडेच असतात. लेप्टोचा धोका त्या पाण्यात खरा असतो. अशा कामाला पूर्ण चेहरा झाकणारा मास्क लागतो आणि त्याचं वेगळं प्रशिक्षण लागतं. ते नसेल तर "हे काम आमच्याकडून होणार नाही" असं सांगायची तयारी पथकाने आधीच ठेवावी. नातेवाईक काठावर रडत असताना ते सांगणं फार जड जातं, तरी सांगावं.

सर्व्हिसिंग. मोटारसायकल बंद पडली तर ढकलत नेता येते, इथे तशी सोय नाही. बहुतेक कंपन्या वर्षाला एकदा तपासणी आणि एक-दोन वर्षांनी किंवा ठरावीक डाइव्हनंतर पूर्ण ओव्हरहॉल सांगतात. ओव्हरहॉल म्हणजे सगळ्या ओ-रिंगा, व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो तो भाग) आणि फिल्टर नवे. नेमकं वेळापत्रक तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतं, तेच पाळा. सातारा-सांगलीत हे काम करणारा अधिकृत टेक्निशियन मला आजवर भेटलेला नाही. रेग्युलेटर कुरिअरने बाहेर पाठवावा लागतो आणि तिकडे किट शिल्लक नसेल तर वाट बघावी लागते. म्हणून विकत घेतानाच दुकानदाराकडून लिहून घ्या: टेक्निशियन कोणत्या शहरात आहे, त्याचं प्रमाणपत्र ह्याच ब्रँडचं आहे का, किट साठ्यात असतं का, ओव्हरहॉलचा खर्च किती. जो लिहून देतो त्याच्याकडून चार पैसे जास्त देऊन घ्या. परदेशातून कुणीतरी बॅगेतून आणलेल्या स्वस्त सेटची वॉरंटी इथे चालेलच असं नाही, तेही आधीच विचारा. पथकातल्या सगळ्यांनी एकच ब्रँड, जमलं तर एकच मॉडेल घ्यावं. एकाचं सर्व्हिसिंगला गेलं तर दुसऱ्याचं वापरता येतं आणि अंधारात हात कुठे जायला हवा ते सगळ्यांना ठाऊक असतं.

रोजची निगा तुमची. पाण्यातून आल्यावर डस्ट कॅप, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची टोपी, कोरडी पुसून घट्ट बसवा, मगच धुवा. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवा, नदीतून आल्यावर नळाच्या सौम्य धारेखाली सगळ्या फटी धुवा. रेग्युलेटर टाकीला जोडून हवा चालू नसताना सेकंड स्टेजचं बटण पाण्यात दाबू नका, नाहीतर पाणी होजमधून उलटं फर्स्ट स्टेजमध्ये जातं. सावलीत वाळवा. उन्हाळ्यात आपल्याकडे बंद गाडीत जो उकाडा होतो तो रबराला सोसत नाही. मोटारघरातही ठेवू नका, तिथल्या ठिणग्यांच्या ओझोनने होजला चिरा जातात. कापडी पिशवीत, मोठ्या वेटोळ्यात ठेवा आणि वापरण्याआधी माउथपीसमध्ये मुंग्या गेल्या नाहीत ना ते बघा.

राहिला तो आठ वर्षांपूर्वीचा सेट. वय हे एकटं कारण धरून मी तो नाकारणार नाही. चांगल्या धातूची फर्स्ट स्टेज नीट सांभाळली तर कितीतरी वर्षं चालते. पण ह्या क्रमाने बघा. आधी मॉडेलचं नाव आणि नंबर घेऊन त्याचं किट अजून मिळतं का ते विचारा. मिळत नसेल तर विषय तिथेच संपला. मग डस्ट कॅप काढून फर्स्ट स्टेजच्या तोंडातला छोटा फिल्टर बघा. तो स्वच्छ चंदेरी किंवा पितळी हवा. हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलेलं आहे, तांबूस असेल तर एखाद्या स्टीलच्या टाकीचा गंज आलाय, काळपट असेल तर कॉम्प्रेसरचं तेल. ह्यांपैकी काहीही दिसलं तर आतली बॉडीही खराब झाली असण्याचा संभव असतो. होज दोन्ही टोकांना, धातूच्या कडीपाशी, वाकवून चिरा बघा. जाळीच्या विणीची लवचीक होज असेल तर ती नवीच घ्यायची असं धरून किंमत करा, कारण गरम हवामानात अशा काही होजची आतली नळी कडक होऊन तिचे कण सुटल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

मग डस्ट कॅप घट्ट लावून दोन्ही सेकंड स्टेजमधून आळीपाळीने श्वास ओढून बघा. अजिबात हवा येता कामा नये. आली तर पडदा, बाहेरचा व्हॉल्व्ह किंवा बॉडी कुठेतरी गळतेय. शेवटी टाकीला जोडा आणि बीसीडीच्या (हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या) होजवर इंटरमीजिएट प्रेशरचा गेज लावा. हा छोटा गेज फार महाग नसतो, पथकाने एक घेऊन ठेवावाच. काटा ९-१० बारच्या आसपास, म्हणजे पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर, येऊन थांबला पाहिजे. बटण दाबून सोडलं की खाली जाऊन लगेच परत त्याच जागी. दहा मिनिटं टक लावून बघा. काटा हळूहळू वर चढत राहिला तर सीट झिजलेली आहे. ती बदलता येते, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करा.

हे सगळं पास झालं तरी मालकाच्या "परवाच सर्व्हिसिंग केलंय" ह्या शब्दावर पाण्यात उतरू नका, पावती मागा. पावती नसेल तर पूर्ण ओव्हरहॉलचा खर्च धरून एकूण किती पडतं ते काढा. पुष्कळदा ही बेरीज नव्या साध्या बॅलन्स्ड सेटच्या इतकी जवळ जाते की जुन्यात अर्थ उरत नाही. आणि तो सेट पिस्टनचा निघाला तर फक्त मालवणसाठी ठेवा, नदीच्या कामाला वापरू नका.

मॉडेलचं नाव आणि फिल्टरचा उजेडात काढलेला फोटो मला पाठवा. तो बघून मी काही सांगेपर्यंत त्यांना इसार देऊ नका.